विमानाच्या इंजिनाला प्लॅटिनमची कल्हई

शोकेसमधल्या अंगठीतलं प्लॅटिनम जेट इंजिनातही असतं. पण तिथे ते मिरवत नाही, दुसऱ्याला उभं राहायला मदत करतं. धातू, गंज आणि नवसागराची ही गोष्ट आपल्या अंबरनाथ-डोंबिवलीपर्यंत येऊन पोहोचते.

दिवाळी पहाटेला डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्याच्या राम मारुती रोडवर तुम्ही गेला असालच. नवे कपडे, जुने मित्र, ढोल-ताशे आणि शंभर सेल्फी. त्या गर्दीतून वाट काढताना एखाद्या सराफाच्या शोकेसमध्ये प्लॅटिनमच्या अंगठ्यांची जोडी दिसते. न काळवंडणारा, आयुष्यभर साथ देणारा धातू, असा त्याच्या जाहिरातींचा सूर ठरलेला. यातलं प्रेमाचं तुमचं तुम्ही बघा, पण धातूबद्दलचं म्हणणं खरं आहे. प्लॅटिनम ना घामाला दाद देतं, ना आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेला.

आता जरा मान वर करा. मुंबईत उतरायला निघालेली विमानं आपल्या डोक्यावरून रोज जातात. बऱ्याच जेट इंजिनांत, आगीच्या अगदी तोंडाशी, हेच प्लॅटिनम बसलेलं असतं. तुम्ही म्हणाल, बरोबर आहे, गंजत नाही म्हणून लावलं असेल. इथेच तर गंमत आहे. इंजिनातल्या प्लॅटिनमचं काम स्वतः ढाल बनण्याचं नाही. ढाल बनवतो तो तुमच्या घरच्या कुकरचा धातू, म्हणजे साधं ॲल्युमिनियम. प्लॅटिनम फक्त ती ढाल हातातून सुटू देत नाही.

वितळायला हवं, तरी फिरतंय

जेट इंजिन करतं काय? हवा आत ओढतं, दाबतं, त्यात इंधन जाळतं आणि तापलेला वायू मागे फेकतं. बाहेर पडता पडता हा वायू टर्बाइनची पाती फिरवतो. पात्यांच्या पहिल्या रांगेला भिडणाऱ्या वायूचं तापमान आधुनिक इंजिनांत १५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. पाती बनतात निकेलच्या सुपरअलॉयची. हा मिश्रधातू साधारण १३०० ते १४०० अंशांच्या आसपास वितळायला लागतो. म्हणजे हिशेबाने पातं वितळायला हवं. पण ते हजारो तास फिरत राहतं.

हे जमतं तीन युक्त्यांनी. पहिली, पातं आतून पोकळ असतं आणि त्यातून थोडी 'गार' हवा खेळवतात. गार म्हणजे आपली फ्रीजवाली नव्हे, तीही काहीशे अंशांची असते, पण आगीच्या मानाने गारच. दुसरी युक्ती म्हणजे पात्यावर बसवलेला झिर्कोनिया या सिरॅमिकचा पातळ थर. त्यात ७ ते ८ टक्के यिट्रिया मिसळलेलं असतं. जाडी एक मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी, पण उष्णता अडवण्यात पटाईत.

तिसरी युक्ती फारशी कुणाला माहीत नसते. सिरॅमिक आणि धातू यांच्यामध्ये आणखी एक थर असतो, 'बाँड कोट' नावाचा. सिरॅमिकचा थर उष्णता अडवतो, ऑक्सिजन मात्र त्याला अडवता येत नाही. तो त्यातून सहज आत शिरतो आणि धातूला गाठतो. हजार अंशांच्या पुढे तापलेला धातू आणि समोर ऑक्सिजन! बाल्कनीच्या ग्रिलला पावसाळ्यात जे चार महिन्यांत होतं, ते इथे किती वेगाने होईल याचा विचार करा. या ऑक्सिजनशी सामना करायचा तो बाँड कोटने.

चांगला गंज, वाईट गंज

शाळेत आपण शिकलो, की गंज वाईट. हे अर्धंच खरं आहे. लोखंडाचा गंज सच्छिद्र आणि ठिसूळ. पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड उघडं पडतं आणि पुन्हा गंजतं. ॲल्युमिनियमही हवेत तितक्याच तत्परतेने गंजतं, पण त्याचा गंज, म्हणजे ॲल्युमिना, पातळ, घट्ट आणि चिवट असतो. तो एकदा बसला की ऑक्सिजनला खाली जाऊ देत नाही. म्हणून घरातला ॲल्युमिनियमचा टोप वर्षानुवर्षं टिकतो.

आपल्या लोकलचे स्टेनलेस स्टीलचे डबे घ्या. स्टीलमध्ये साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम मिसळलं, की त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य थर तयार होतो आणि स्टील 'स्टेनलेस' होतं. हॉस्टेलवरच्या कॉइलच्या शेगडीची निक्रोमची तार लालबुंद होऊनही जळून जात नाही, तेही याच क्रोमियम ऑक्साइडमुळे.

मग पात्यावरही क्रोमियमच का नको? कारण साधारण १००० अंशांच्या पुढे क्रोमियम ऑक्साइड आणखी ऑक्सिजन घेतो आणि चक्क वाफ होऊन उडून जायला लागतो. इंजिनात वायू सोसाट्याने वाहत असतो, त्यामुळे ही झीज वाढतच जाते. ॲल्युमिना मात्र या तापमानालाही जागचा हलत नाही, आणि वाढतोही अतिशय सावकाश. म्हणजे इंजिनिअरपुढचा प्रश्न 'गंज कसा थांबवू?' हा नसतोच. 'कोणता गंज वाढू देऊ?' हा असतो. उत्तर आहे ॲल्युमिना.

आजीचा नवसागर, इंजिनाचा नवसागर

घरी आजीला विचारा, कल्हईवाला कसा यायचा. चौकात छोटी भट्टी पेटवायचा, पितळेचं पातेलं तापवायचा, त्यात चिमूटभर नवसागर टाकायचा आणि कथील कापसाने भांडंभर फिरवायचा. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि काळवंडलेलं भांडं चांदीसारखं चमकायचं. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट आमटी ठेवली, तर ती कळकते. कथलाचा थर तांब्या-पितळेला आंबटापासून दूर ठेवतो.

यात नवसागराचं काम काय? नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो भांड्यावरचा ऑक्साइड साफ करतो, म्हणून कथील धरतं.

आता टर्बाइनच्या पात्याकडे या. त्यावर ॲल्युमिनियम चढवण्याची एक जुनी आणि आजही वापरात असलेली रीत अशी: पातं एका पेटीत पुडीमध्ये पुरायचं. पुडीत तीन गोष्टी. ॲल्युमिनियम किंवा त्याचा मिश्रधातू, पुडीचा गोळा होऊ नये म्हणून निष्क्रिय ॲल्युमिना आणि थोडा नवसागर किंवा त्याच्या जातीचा दुसरा क्षार. मग हायड्रोजन किंवा आर्गॉनमध्ये ७०० ते ११०० अंशांपर्यंत तापवायचं. नवसागरातून सुटलेला हायड्रोजन क्लोराइड इथे ॲल्युमिनियमला उचलतो, त्याची क्लोराइडची वाफ बनवतो आणि ती वाफ पात्यावर ॲल्युमिनियम सोडते. कल्हईवाल्याच्या नवसागराला इथे वाहतुकीची जास्तीची ड्यूटी लागते, इतकंच.

एक फरक मात्र महत्त्वाचा. कल्हई भांड्यावर बसते, हे ॲल्युमिनियम पात्यात मुरतं. लोणच्याच्या फोडीत मसाला मुरावा तसं. निकेल आणि ॲल्युमिनियम मिळून निकेल ॲल्युमिनाइड नावाचं संयुग बनतं. ही झाली ॲल्युमिनियमची कोठी. वरचा ॲल्युमिना कुठे खरवडला, सुटला, तर या कोठीतून नवा पुरवठा होतो.

प्लॅटिनम येतं ते या मुरवण्याच्या आधी. पात्यावर इलेक्ट्रोप्लेटिंगने प्लॅटिनमचा ५ ते १० मायक्रॉनचा थर देतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा थर केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. मग निर्वातात १००० अंशांच्या वर तापवून तो धातूत जिरवतात आणि त्यानंतर ॲल्युमिनियम देतात. तयार होतं ते प्लॅटिनम ॲल्युमिनाइड. १९७० च्या दशकापासून हा थर इंजिनांत वापरात आला.

किती प्लॅटिनम लागत असेल? हिशेब तुम्हीच करा. समजा पात्याचा पृष्ठभाग ५० चौरस सेंटिमीटर आणि थर ६ मायक्रॉन. आकारमान भरलं ०.०३ घन सेंटिमीटर. प्लॅटिनमची घनता दर घन सेंटिमीटरला २१.४५ ग्रॅम. उत्तर येतं जेमतेम ०.६४ ग्रॅम. म्हणजे चार ग्रॅमच्या एका अंगठीत अशी सहा पाती होतील.

इतकंसं प्लॅटिनम करतं काय?

प्रत्येक उड्डाणात पातं तापतं, उतरल्यावर गार होतं. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावरच्या विमानाचं हे दिवसातून अनेकदा होतं. गार होताना धातू जास्त आकसतो, ॲल्युमिना कमी. मग ॲल्युमिनाच्या थरावर प्रचंड दाब येतो, तो फुगतो आणि त्याची खपली सुटते. जुन्या इमारतीच्या भिंतीचा गिलावा कसा आधी पोकळ वाजतो आणि मग एके दिवशी धपकन पडतो, तसंच. ॲल्युमिना सुटला, की त्याच्यावर बसलेलं सिरॅमिकही जातं आणि पातं थेट आगीसमोर येतं. त्यामुळे खरी लढाई ॲल्युमिना तयार करण्याची नाही, त्याला धरून ठेवण्याची आहे. इथे प्लॅटिनम चार बाजूंनी मदत करतं.

एक, गंधकाचा त्रास कमी होतो. मिश्रधातूत दहा लाख भागांत काही भाग इतकं जरी गंधक असलं, तरी ते नेमकं ॲल्युमिना आणि धातूच्या सीमेवर येऊन जमतं आणि दोघांची पकड सैल करतं. प्लॅटिनम असेल तर या गंधकाची मात्रा फारशी चालत नाही.

दोन, पोकळ्या कमी होतात. ॲल्युमिनियम वर निघून गेलं की त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. गिलाव्याखालचा पोकळ आवाज तो हाच. प्लॅटिनममुळे सीमेवरच्या या पोकळ्या कमी होतात.

तीन, ॲल्युमिनियम वरच्या अंगाला ओढलं जातं. एरवी कोणताही घटक जास्त असलेल्या ठिकाणाहून कमी असलेल्या ठिकाणी पसरतो. पण प्लॅटिनम आणि ॲल्युमिनियमची रासायनिक जवळीक इतकी दांडगी, की प्लॅटिनम असलेल्या भागाकडे ॲल्युमिनियम चढावर चढून यावं तसं येतं. कोठीतला माल दाराशी हजर राहतो.

चार, नको ते पाहुणे खालीच थांबतात. सुपरअलॉयला ताकद देण्यासाठी त्यात टंगस्टन, टँटलम, टायटॅनियम घातलेलं असतं. हेच धातू पृष्ठभागावर आले तर ॲल्युमिनाच्या शुद्ध थरात खोट आणतात. प्लॅटिनमने भरलेला पट्टा त्यांची वर येण्याची वाट कठीण करतो.

या चारांतलं वजनदार कारण कोणतं, यावर संशोधकांत वाद झडलेले आहेत आणि त्यातूनच नवे थर निघाले. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात ब्रायन ग्लीसन आणि सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात दाखवलं, की ॲल्युमिनियम बरंच कमी ठेवून, त्यात प्लॅटिनम आणि चिमूटभर हॅफ्नियम घातलं, तरी उत्तम ॲल्युमिना बनतो. थराची घडण खालच्या धातूशी मिळतीजुळती राहते, हा आणखी फायदा.

खाऱ्या हवेचा हिशेब वेगळा

आपण कोकणपट्टीची माणसं, मीठ आपल्याला परकं नाही. इंजिनालाही नाही. समुद्री हवेतलं मीठ आणि इंधनातलं गंधक मिळून सोडियम सल्फेट बनतं. ते ८८४ अंशांना वितळतं आणि पात्यावर त्याचा पातळ, चिकट द्रव थर पसरतो. हा द्रव ॲल्युमिनाची ढालच विरघळवू लागतो. याला 'हॉट करोजन' म्हणतात. किनाऱ्यावरची वीज केंद्रं आणि युद्धनौका यांच्या इंजिनांची ही कायमची डोकेदुखी. आपल्याजवळची उदाहरणं हवीत? उरणचं ६७२ मेगावॉटचं वायू वीज केंद्र अगदी समुद्राजवळ आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि २०१० मध्ये नौदलात आलेली 'आयएनएस शिवालिक' वेग घेते ती गॅस टर्बाइनच्या जोरावर.

९०० अंशांच्या आसपासच्या या हल्ल्यात प्लॅटिनम ॲल्युमिनाइड चांगलं टिकतं. पण ७०० अंशांजवळ हॉट करोजनचा दुसरा प्रकार असतो आणि तिथे प्लॅटिनमचा फारसा उपयोग होत नाही. तिथे भरपूर क्रोमियम असलेले थर बाजी मारतात. महाग म्हणजे सगळीकडे भारी, हा नियम सराफाच्या दुकानातही खरा नाही आणि इंजिनातही नाही. आधी तापमान विचारायचं, मग धातू निवडायचा.

हे आपल्याला का कळायला हवं?

कारण ही विद्या कुणी सहजासहजी देत नाही. भारताने लढाऊ विमानासाठी 'कावेरी' इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये हाती घेतला. २००८ मध्ये त्याला 'तेजस'पासून वेगळं करावं लागलं आणि 'तेजस' आजही अमेरिकी इंजिनावर उडतं. जून २०२३ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि जीई यांच्यात एफ-४१४ इंजिन भारतात बनवण्यासाठी समझोता झाला. त्यात मिळणाऱ्या तंत्रज्ञानाच्या यादीत इंजिनाच्या तापलेल्या भागांवरचे हे थर मुद्दाम नाव घेऊन नोंदले गेले. केसाच्या जाडीइतक्या थरांसाठी देशांना वाटाघाटी कराव्या लागतात, यावरून त्यांची किंमत ओळखा.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेत, म्हणजे डीएमआरएलमध्ये, प्लॅटिनम ॲल्युमिनाइडवर अनेक वर्षं काम झालं आहे आणि ते जगभरच्या संशोधनपत्रिकांत वाचलं जातं. विक्रोळीच्या गोदरेजकडे कावेरीवर आधारित इंजिनाचे भाग बनवण्याचं काम आलं. पुण्याजवळ चाकणला जीईचा कारखाना २०१५ पासून आहे आणि तिथे जेट इंजिनांचेही भाग बनतात. आणि कल्याणनंतरचं तिसरं स्टेशन, अंबरनाथ. तिथे डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे, जिचं मूळ १९५३ सालच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत आहे. समुद्रात धातू कसा खराब होतो आणि त्यावर कोणते थर द्यायचे, हा तिच्या कामाचा एक मुख्य विषय. तुमच्यातले किती जण रोज त्याच लोकलने जातात!

याहून जवळची गोष्ट म्हणजे प्लेटिंग. १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून. तिथे आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत धातूवर थर देणं हा अनेकांच्या पोटापाण्याचा धंदा आहे. नळाला क्रोम, नटाला झिंक, कॉन्टॅक्टला चांदी. नळाला क्रोम देणं आणि पात्याला प्लॅटिनम देणं यांचं मूळ रसायनशास्त्र एकच. टाकी, द्रावण, विद्युतप्रवाह. फरक पडतो तो शिस्तीत. थर सगळीकडे सारखा आहे का, पृष्ठभाग आधी किती स्वच्छ होता, प्रत्येक बॅचची नोंद आहे का, तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला का. टॅपवरचा थर सुटला तर टॅप बदलतो. पात्यावरचा सुटला तर इंजिन उघडावं लागतं आणि वेळीच लक्षात आलं नाही तर गोष्ट दोनशे प्रवाशांची असते.

या धंद्याची दुसरी बाजूही बघायला हवी. प्लॅटिनमच्या द्रावणाचा थेंबही कुणी वाया घालवत नाही, जुन्या पात्यांवरचं प्लॅटिनमही काढून परत वापरतात, कारण ते महाग आहे. निकेल-क्रोमियमचं सांडपाणी स्वस्त, म्हणून त्याची तेवढी काळजी कुठे घेतली जाते, कुठे नाही. वालधुनीच्या पुलावरून नाक दाबून जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. थर देण्याची विद्या ज्याला खरंच येते, त्याला टाकीत उरलेल्या पाण्याचंही उत्तर देता यायला हवं.

आता तुमचा प्रश्न: यात शिरायचं कसं? इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेरीत मेटलर्जी हा पर्याय बरेच जण वाचतसुद्धा नाहीत. पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत ही शाखा आहे, पवईला आयआयटीत मेटलर्जी आणि मटेरियल्सचा विभाग आहे आणि गंजावरचं संशोधन तिथे जुनं आहे. बीएस्सीला केमिस्ट्री किंवा फिजिक्स घेतलं असेल तरी दार बंद नाही. आज आपण बोललो ते इलेक्ट्रोकेमिस्ट्री, डिफ्यूजन आणि थर्मोडायनॅमिक्स तुमच्याच सिलॅबसमध्ये आहे, फक्त त्या पानांवर विमानाचा फोटो नाही. डिप्लोमा करणाऱ्यांनी सुट्टीत एखाद्या प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात महिनाभर उभं राहून बघावं. थर कसा धरतो आणि का सुटतो, हे तिथला जुना कारागीर ज्या भाषेत सांगतो ती भाषा पुस्तकात नाही.

आणि सुरुवात आजच करायची असेल, तर घरातल्या तीन वस्तू शेजारी ठेवा: गंजलेला खिळा, ॲल्युमिनियमचं झाकण आणि स्टीलचा चमचा. तिघांवरही ऑक्साइड आहे. एकाचा बोटाला लागतो, दोघांचा दिसतही नाही. असं का, हे तुम्हाला मित्राला पाच मिनिटांत समजावून सांगता आलं, तर प्लॅटिनमपर्यंतचा अर्धा रस्ता तुम्ही चालून आलात.